सगळी लाँड्री एका घरातली

सोमवार, ३

बाईंनी आज मला देश दिला.

म्हणजे झालं असं. आमच्या लाँड्रीत महिन्यातल्या एका शुक्रवारी, चहाच्या सुट्टीत, कुणीतरी एकाने उभं राहून आपल्या देशाची आणि संस्कृतीची ओळख करून द्यायची, असा बाईंनी नियम काढलाय. बाई म्हणजे आमच्या मॅनेजर. शहरातल्या बारा हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे येतात आणि त्या धुवायला आम्ही अकरा जण, नऊ देशांचे. इथली भाषा कुणालाच धड येत नाही, त्यामुळे सगळे सारख्याच आत्मविश्वासाने बोलतात. एकमेकांची नावं तर कुणाच्या जिभेला वळत नाहीत, म्हणून जो तो आपल्या कामाच्या नावाने ओळखला जातो. मी चादरींच्या गाड्या ढकलतो, म्हणून मी ‘गाडी’.

मागच्या वेळी ड्रायरवाल्याची पाळी होती. त्याने त्याच्याकडच्या डोंगरांचे बासष्ट फोटो दाखवले. एकोणतिसाव्या डोंगराला बॉयलरवाल्यांचं डोकं टेबलाला लागलं.

"बाई, मला माझा देश नीट माहीत नाही," मी म्हटलं. खरं तेच म्हटलं.

"तिथेच जन्मलास ना?"

"हो, पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं."

त्यांनी कागदावर माझ्यापुढे ‘शुक्रवार’ लिहून टाकलं.

आता काय सांगणार? भूगोलाच्या तासाला मी खिडकीजवळ बसायचो, आणि खिडकीबाहेर एक माणूस वर्षभर एकच भिंत रंगवत होता. त्या भिंतीबद्दल मी तासभर बोलू शकेन. नंतर तीन कोर्स केले, तिन्ही अर्धे. बाबा म्हणाले, "तू एक तरी गोष्ट शेवटपर्यंत नेलीस का?" मी म्हटलं, आठ दिवस बाहेर जाऊन येतो. त्याला दोन वर्षं झाली. बोटीवर भांडी घासली, भिंती रंगवल्या, सफरचंदं तोडली, आता चादरी. आईशी महिन्यातून एकदा बोलतो, तीन मिनिटं. जेवलास का, थंडी आहे का, बरं ठेवते. बाबा फोनवर येत नाहीत.

शिवणाच्या टेबलावर जी बसते तिच्याबद्दल मी इथे काहीही लिहिणार नाही. ती फाटके टॉवेल शिवते, आणि सुईत दोरा ओवताना जीभ किंचित बाहेर काढते. बस.

शुक्रवार, ७

झालं एकदाचं. आणि भलतंच झालं.

फळ्यावर देशाचा नकाशा काढला तो पिळलेल्या टॉवेलसारखा आला. लोकसंख्या सांगताना एक शून्य जास्त पडलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. नद्यांची नावं घेतली. चारच आठवली, त्यातली एक बहुधा नदी नाही. पाच मिनिटांत माझा देश संपला.

मग बॉयलरवाल्यांनी हात वर केला. साठीचे आहेत, शिस्तीचे, खिशात कायम पट्टी. म्हणाले, "तू ह्या बाईंना रोज एक हाक मारतोस. ते काय आहे?"

‘ह्या बाई’ म्हणजे घडीच्या टेबलावरच्या. उशांचे अभ्रे हनुवटीखाली धरून अशा घड्या घालतात की बघत राहावं. मला पहिल्या दिवसापासून डब्यातलं देतात. मी त्यांना मावशी म्हणतो. कधी सुरू केलं आठवतसुद्धा नाही.

"मावशी म्हणजे आईची बहीण," मी म्हटलं.

"ह्या तुझ्या आईच्या बहीण आहेत?"

"नाही हो."

"तुझ्या आईला ओळखतात?"

"नाही."

"मग?"

आता ह्या ‘मग’ला काय उत्तर देणार? म्हटलं, आमच्याकडे परक्या माणसाला नुसतं परकं ठेवत नाहीत. रिक्षावाला काका, भाजीवाली मावशी, शेजारची ताई, समोरचा दादा. पहिल्या भेटीतच घरात घेऊन टाकायचं, म्हणजे भांडायला बरं पडतं.

मावशी उठून उभ्याच राहिल्या. "म्हणजे हा पोरगा आठ महिने मला आईची बहीण म्हणतोय, आणि मला वाटत होतं ह्याच्या भाषेत ‘ए म्हातारे’ असेल!" त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. अजून दुखतोय.

मग जे सुटले सगळे! मला कोण म्हणशील? मला? वीस मिनिटांची सुट्टी पन्नास मिनिटं चालली. बाई दारात उभ्या होत्या, पण रागवायच्या ऐवजी त्यांनीही विचारलं, "आणि मी कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं, सासूबाई. म्हटलं, घरातली सर्वांत वरची जागा. हे खोटं नाही.

शनिवार, ८

बॉयलरवाल्यांना आता मी बॉयलरकाका म्हणतो. त्यांनी रद्द झालेली एक डबल चादर घेतली, कपड्यांवर खुणा करायच्या शाईने तिच्यावर आम्हा अकरा जणांची आणि सर्वांत वर बाईंची नावं मांडली आणि मधे रेषा ओढल्या. पाइपांचे नकाशे काढण्यात जन्म गेला त्यांचा. आईकडचे लोक निळे, वडिलांकडचे लाल. प्रत्येक शब्द इथल्या लिपीत, खाली अर्थ. चादर चहाच्या खोलीत टांगली.

रोलरवर दोन बायका असतात. चादरीचं एकेक टोक धरून दोघींनी एकदम तापलेल्या रोलरखाली सरकवायचं. त्यांना विचारलं तर दोघींना एकमेकींचं काहीतरी व्हायचं होतं. जावा करून टाकलं. एका घरातल्या दोन भावांच्या बायका.

"त्या काय करतात?" थोरल्या दिसणारीने विचारलं.

"भांडतात," मी म्हटलं. नको होतं म्हणायला.

दुपारी काकांनी विचारलं, वडिलांच्या बहिणीच्या नवऱ्याला काय म्हणतात? मला येईना. आईला फोन लावला.

"आई, आत्याच्या नवऱ्याला काय म्हणतात?"

"अगंबाई! काय झालं त्यांना?"

"काही नाही झालं. शब्द हवाय."

आई कुणाशी तरी कुजबुजली. परत येऊन म्हणाली, "हे म्हणतायत आतोबा. पण तुम्ही पोरं काकाच म्हणायचात. का रे, कशाला?" सगळं सांगावं लागलं. बावीस मिनिटं गेली. जेवलास का, हे विचारायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

मंगळवार, ११

घात झाला.

शिवणवालीची जागा चादरीवर रिकामी होती. मी मुद्दाम ठेवली होती, हळूहळू विचार करू म्हणून. आज मावशींनी जाहीर केलं, "ही मला लेकीसारखी आहे." काकांनी लगेच पट्टी काढली. मावशीपासून खाली निळी रेघ, टोकाला ती. मग माझ्यापासून आडवी रेघ. "मावशीची मुलगी म्हणजे कोण रे?"

मी गाडीची दांडी पुसायला लागलो.

"मावसबहीण," काकांनीच वाचलं. शनिवारी मीच लिहून दिलं होतं. "वय?" मी तिच्यापेक्षा आठ महिन्यांनी मोठा निघालो. "म्हणजे ही तुला काय म्हणणार?"

दहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. तीही. सुई हातात तशीच.

"दादा," मी म्हटलं.

"दादा," ती म्हणाली. उच्चार एकदम स्वच्छ. आठ महिन्यांत माझं नाव एकदाही नीट न घेतलेली बाई, आणि दादा असं म्हणते जणू घरचंच.

टाळ्या पडल्या. मी गाडी ढकलत निघून गेलो ते सरळ भिंतीवर.

गुरुवार, १३

उपाय शोधतोय. काकांना म्हटलं, मावशींना आत्या करू. ते म्हणाले, मग ती आतेबहीण. मामी करू? मामेबहीण. "कुठलाही नळ उघड, पाणी तेच येणार," म्हणाले. मावशींना चादरीवरून काढायचं सुचवलं, तर त्यांनी ऐकलं आणि दुपारी मला डब्यातलं काही दिलं नाही.

दादा होण्यात तोटे फार. मी पहिल्या दिवशी बढाई मारली होती की आमच्याकडे बहिणीच्या कामाला भाऊ नाही म्हणत नाही. आता ती दिवसातून सहा वेळा बोलावते. दादा, ही पेटी उचल. दादा, ह्या शिवणीला उजेड पुरतो का बघ. दादा, इथे बस आणि हे टोक धर. एक टोक धरून अर्धा तास बसवून ठेवते, आणि काम बघावं तर दोन टाके. माझ्या कोटाचं अस्तर उसवलं होतं ते न विचारता शिवून टाकलं. तिला सगळं नीटनेटकं लागतं.

वर रोज सुटताना फाटकापाशी तिच्या बुटाची नाडी सुटते. मी येईपर्यंत वाकून बांधतच असते. आज तिसऱ्यांदा. शेवटी मी दुकानात जाऊन तिला नवीन नाड्या आणून दिल्या, चांगल्या जाड, मेणाच्या. म्हटलं, ह्या कधीच सुटणार नाहीत. तिने नाड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "थँक्यू, दादा," म्हणाली आणि माझी वाट न बघता निघून गेली. भलं करायला जावं तर हे.

आईला फोन केला, बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यासाठी. तो साडू. मागून बाबांचा आवाज आला, "त्याला विचार, व्याही-विहीण घातलेत का? त्याशिवाय तक्ता पुरा कसा होईल?" आई म्हणाली, "ह्यांनी पण इथे कागद घेतलाय, काल दिवसभर तेच चाललंय." आणि हळूच विचारलं, "त्या चादरीवर तुझी बायको कोण आहे रे?"

"कुणी नाही. मला बहीण आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

शुक्रवार, १४

जावांचं खरंच वाजलं. पहिले दोन दिवस लुटुपुटूचं होतं. "माझी जाऊ बघा कशी आळशी!" "आणि हिचं तोंड बघा!" दोघी हसून लोळायच्या. मग थोरली कोण ह्यावरून पेटलं. वयाने मोठी म्हणाली, मी. धाकटी म्हणाली, जाऊ नवऱ्याच्या वयावरून थोरली ठरते, गाडीला विचारा. मला विचारलं. मी म्हटलं, हो, तसंच असतं. आता धाकटीचा नवरा मोठीच्या नवऱ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा.

"तो वय वाढवून सांगतो!" पहिली ओरडली.

"माझा नवरा कशाला वय वाढवेल? टक्कल बघितलंस का त्याचं?"

एकीने टोक सोडलं. चादर तिरकी आत गेली, रोलरला गुंडाळली, जळका वास. तीन तास मशीन बंद. एका हॉटेलातले पाहुणे दुपारी म्हणे नुसत्या गादीवर बसले होते.

मला वाटलं, आता बाई मला हाकलणार. पण बाई खुशीत. त्यांनी दारावरच्या पाटीखाली नवी पट्टी लावून घेतलीय. वर ‘व्यवस्थापक’, खाली ‘सासूबाई’. मी तिथून गाडी नेताना मान खाली घालतो.

सोमवार, १७

जळक्या चादरीची तक्रार मुख्य ऑफिसात गेली आणि तिथून एक तपासनीस आले. बारीक, राखाडी कोट, नाकावर चष्मा. रोलर बघितला, नोंद केली, चहा मागितला, चहाच्या खोलीत गेले. आणि तिथे ती डबल चादर.

दहा मिनिटं उभे राहून वाचत होते. मावशी, काका, जाऊ, जाऊ, मावसबहीण, दादा. सगळ्या रेषा जोडलेल्या, सगळ्याखाली अर्थ लिहिलेला. मग बाईंच्या दारावरची पाटी वाचली. ‘सासूबाई’चा अर्थ चादरीवर शोधला. सापडला.

बाहेर येऊन म्हणाले, "म्हणजे ह्या बाईंनी सगळी लाँड्री आपल्या घरच्या माणसांनी भरलीय!"

कंपनीत नियम आहे. जवळचे नातेवाईक एका शाखेत नकोत. नातं सिद्ध झालं तर माणसं वेगवेगळ्या शाखांत जाणार, आणि कंपनीच्या शाखा चार शहरांत आहेत. काका तर पांढरेच पडले, त्यांचा बॉयलर दुसऱ्या कुणाला सांभाळता येत नाही.

मला शहर बदलायचं काय, मी दर सहा महिन्यांनी बदलतोच. ह्या वेळी तर आठ महिने झाले, जास्तच झाले. पण संध्याकाळी शिवणाच्या टेबलापाशी चार वेळा गाडी नेली, चारही वेळा रिकामी.

बुधवार, १९

चौकशी. एकेकाला बाईंच्या खोलीत नेलं. दार उघडंच होतं, आम्ही सगळे बाहेर ऐकत उभे.

पहिला मी. तपासनीस म्हणाले, "हा सगळा प्रकार तुझा?"

"हो, पण ही नाती खरी नाहीत. मानलेली आहेत."

‘मानलेली’ला इथल्या भाषेत काय म्हणतात कुणास ठाऊक. मी खूप विचार केला आणि म्हटलं, "सगळे नातेवाईक खोटे आहेत." त्यांनी कागदावर लिहिलं, ‘खोटी कागदपत्रं’. बाईंनी डोक्याला हात लावला.

मावशींना विचारलं, "हा तुमचा भाचा?" त्या म्हणाल्या, "अर्थात!" आणि म्हणाल्या, "किती बारीक झालाय बघा." जावा आत गेल्या आणि आतसुद्धा भांडल्या. त्यावरून तपासनीसांची खात्रीच पटली की ह्या सख्ख्या जावा.

शेवटी सगळ्यांना एक फॉर्म दिला. इथे काम करणाऱ्या प्रत्येकापुढे आपलं नातं लिहायचं. खोटं लिहिलं तर नोकरी जाईल. मी दहाही जणांपुढे ‘काही नाही’ लिहिलं. लिहिताना बॉलपेन दोनदा कागदातून आरपार गेलं.

तपासनीस एकेक फॉर्म मोठ्याने वाचत होते. काही नाही, काही नाही, काही नाही. शिवणवालीच्या फॉर्मवर थांबले. चष्मा पुसला.

"हे काय लिहिलंय? ‘गाडी’पुढे?"

"तिथे लिहिलंय तेच," ती म्हणाली.

"‘अजून नाही’? हे काय उत्तर झालं? भाऊ आहे का?"

"भाऊ नाही."

"मग कोण आहे?"

"सांगितलं ना. अजून नाही."

मावशी खोकल्या. काका उगीच पट्टीने टेबल मोजायला लागले. तपासनीसांनी बराच वेळ विचार करून ‘नाही’ लिहिलं.

नाही तर नाही. दादाही गेलं हातचं. मी गाड्यांच्या खोलीत जाऊन बसलो. तिथे एका गाडीचं चाक करकरत होतं, त्याला तेल घातलं. मग सगळ्याच गाड्यांना घातलं. अठ्ठावीस गाड्या आहेत.

गुरुवार, २०

सुटलो. बाईंनी सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. "अकरा माणसं, नऊ देश. असं घर कुठे असतं ते दाखवा, मी तिथे राहायला जाते." तपासनीसांनी मान्य केलं. चादर उतरवायची, नात्यांच्या हाका बंद, सगळे जिथल्या तिथे, आणि मला लेखी ताकीद. जाताना त्यांनी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, त्या तक्त्यात ते स्वतः असते तर कोण असते? बाईंनी मला विचारून सांगते म्हटलं.

हाका बंद झाल्यावर लाँड्री अशी गप्प झाली की बॉयलरचा आवाज ऐकू यायला लागला. मावशींना मी काहीच म्हणू शकलो नाही, नुसता समोर उभा राहिलो. त्यांनी डबा पुढे केला.

सुटल्यावर फाटकापाशी ती उभी होती. वाकलेली नाही, सरळ उभी. पायात माझ्याच जाड नाड्या.

मी म्हटलं, "सॉरी. तुला उगीच भाऊ चिकटवला."

"घरी मला तीन भाऊ आहेत," ती म्हणाली. "भावाशी कसं बोलतात ते मला चांगलं माहीत आहे. मोठ्याला मी बूट फेकून मारते. तुझ्याशी मी एकदा तरी भावासारखी वागले का?"

मी विचार करायला लागलो. प्रामाणिकपणे. बूट तर नव्हता मारला.

"तू विचार करतोयस?" ती म्हणाली. "अजून?"

"दादा म्हणायचीस ना," मी म्हटलं.

"सगळ्यांसमोर तुला दिवसातून सहा वेळा हाक मारायला दुसरा कुठला शब्द दिला होतास?"

मग आम्ही चालायला लागलो. तिची खोली डावीकडे आहे, माझी उजवीकडे. आम्ही सरळ गेलो. कालव्यावरच्या पुलापाशी एक माणूस शिडीवर चढून दिव्याची काच पुसत होता, आणि आज पहिल्यांदाच माझं तिकडे लक्ष नव्हतं. हे तिनेच सांगितलं, ‘बघ, शिडीवर माणूस आहे’ म्हणून.

शुक्रवार, २१

जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावला. आईने पहिल्या घंटेला उचलला.

"बरं झालं केलास. ह्यांचा तक्ता पुरा झालाय, चुलतसासऱ्यापर्यंत. पाठवायचा कसा विचारतायत."

"आई, चादर उतरवली. पण एक नातं विचारायचं होतं."

"विचार की. माझ्याकडचं की ह्यांच्याकडचं?"

मी खिडकीतून बघितलं. ती शिवणाच्या टेबलावर बसून सुईत दोरा ओवत होती. माझी भंबेरी उडाली. इतकी नाती तोंडपाठ झाली, आणि आता एक शब्द फुटेना.

"दोन्हीकडचं नाही," मी म्हटलं.

मग आईने फोनवर हात धरला, पण नीट धरला नसावा, कारण मला स्वच्छ ऐकू आलं.

"अहो, आधी तो टीव्ही बंद करा!"